वाकड्या चेंडूची फितुरी

२८ मार्च १९७६, रविवार
नवी वही. फुमिएला सांगितलंय की यात फक्त व्यायामाची नोंद आहे. वही जुन्या ग्लोव्हच्या खोक्यात, खोकं कपाटावर, आणि झाकणाला एक केस चिकटवून ठेवलाय. बायकोच काय, कुणीही उघडलं तर केस तुटेल.

यंदाचे संकल्प: वीस सामने जिंकायचे. बिअर बंद. पंचांशी हुज्जत घालायची नाही. गेल्या वर्षी चार जिंकले, पंधरा हरले. पण त्या पंधरांतले नऊ एकेका धावेने, आणि ती धाव एकदाही माझ्यामुळे गेली नाही. पेपरवाले मला ‘कमनशिबी इसोगाई’ म्हणतात. आता ओकायामात भाजीवालीसुद्धा म्हणते. चौदा वर्षं बेसबॉलमध्ये पिचर आहे मी, म्हणजे चेंडू टाकणारा, नशिबाला ओळखतो. ते इतकं वक्तशीर नसतं.

२९ मार्च
केस तुटला. फुमिए म्हणाली, धूळ पुसली. बरोबर आजच?

११ एप्रिल, रविवार
पहिला सामना, समोर कोकुरा स्टीमर्स. हरलो, १-०.

नववी इनिंग, दोन बाद. साधा गडगडत जाणारा चेंडू शॉर्टस्टॉपला उभ्या असलेल्या आमच्या क्षेत्ररक्षकाकडे, हिराओकडे गेला आणि त्याच्या दोन पायांमधून पलीकडे गेला. एवढा मोठा चेंडू. एवढे जवळ पाय. नंतर कमरेत वाकून म्हणाला, “सॉरी इसोगाईसान, मला वाटलं उसळेल.” मी म्हटलं, “जो उसळत नाही त्यालाच गडगडणारा म्हणतात.” तर हसला. हसण्यासारखं काय होतं?

बिअर एक. हरल्यावर घेतलेली धरायची नाही.

२४ एप्रिल, शनिवार
हरलो, २-१. पण आज डोळे उघडले.

माझा वाकडा चेंडू. सरळ येतो येतो असं वाटतं आणि गुडघ्यापाशी आला की मातीत शिरतो. लीगमध्ये असा कुणाकडे नाही, हे मी नाही, कुरोसे म्हणतो. कुरोसे आमचा कॅचर. छत्तीस वर्षांचा, नऊ वर्षं माझ्यासमोर उकिडवा बसतोय. मांड्यांच्या आड बोटं दाखवून तो सांगतो काय टाकायचं: एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे वाकडा.

सहाव्या इनिंगमध्ये दोन बोटं आली. टाकला. असा वळला की माझाच मला हेवा वाटला. यावर भलेभले बॅट फिरवून तोंडावर पडतात. समोरच्याने बॅट हलवलीसुद्धा नाही. जांभई दिली. पुढच्या वाकड्याला तो अर्धं पाऊल पुढे सरकून वाट बघत उभा होता, जेवणाच्या ताटावर बसल्यासारखा. होमरन, थेट स्टँडमध्ये.

त्याला माहीत होतं. कुणीतरी सांगतंय.

२५ एप्रिल
शांतपणे विचार केला. बोटं कुणाला दिसतात? हिराओला दिसतात. सेकंड बेसवाल्याला दिसतात. आमचे मॅनेजर साकुमासाहेब, त्यांना दिसत नाहीत, कारण चौथ्या इनिंगनंतर त्यांचे डोळे मिटलेले असतात. मिटलेले असतात की किलकिले? स्कोअरबोर्डवरच्या माणसाला दिसतात. आणि कुरोसेला. त्याला तर बघायचीसुद्धा गरज नाही.

पण कुरोसे नाही. लग्नात माझ्या बाजूने भाषण त्यानेच केलं होतं.

(किती लांबवलं होतं ते भाषण. मला बोलूच दिलं नाही.)

५ मे, बुधवार
बालदिनाच्या सुट्टीचा सामना, स्टँड भरलेले. फुलपाखरासारख्या टोप्या घातलेली पोरं. आणि आउटफिल्डच्या मागे, अगदी वरच्या रांगेत, एक म्हातारा दुर्बीण लावून!

तिसऱ्या इनिंगमध्ये साकुमासाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, तो बघा. ते म्हणाले, “इसोगाई, तू बॉल टाक रे बाबा.” तरी सुरक्षारक्षकाला पाठवलं. परत येऊन तो म्हणाला, निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत, छताखाली पाकोळ्यांनी घरटं केलंय ते बघतात, दर सुट्टीला येतात, माणूस भला आहे. पाकोळ्या! तिकीट काढून! मी सुरक्षारक्षकाचं नावही विचारून ठेवलं.

हरलो, ४-३.

१६ मे, रविवार
जिंकलो!! ३-२. पेपरात फोटो येणार.

पण घरी येऊन हिशोब जुळवला. कुरोसेने आज सबंध सामन्यात वाकडा फक्त पाच वेळा मागितला. एरवी पंचवीस-तीस वेळा मागतो. म्हणजे वाकडा मागितला नाही की आपण जिंकतो. म्हणजे जिंकायचं की नाही हे कुरोसे ठरवतो.

आंघोळीच्या टबात तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “बघ, सरळ चेंडूवरही जगतोस की.” मी म्हटलं, वाकडा जास्त का नाही मागितला? तो पाण्याकडे बघत म्हणाला, “आज तुझा हात थकला होता.” माझा हात थकला नव्हता.

३० मे, रविवार
भयंकर प्रकार.

सासूबाई कुराशिकीहून आल्यात. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. गेल्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं की तुम्ही इतके पळता तर कुठे पोचता. दुपारी टीव्हीवर माझ्या गेल्या दोन सामन्यांचं प्रक्षेपण पुन्हा दाखवत होते. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मी टीव्हीत हात वर घेतला आणि त्या मान वर न करताच म्हणाल्या, “हा सरळ.” सरळ. पुढचा, “हाही सरळ.” सरळ. मग एकदा वर बघून म्हणाल्या, “आता वाकडा.”

वाकडा!

मी शेंगांची टोपली बाजूला सरकवली. विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाल्या, “अहो शुनपेईसान, कुणी कशाला सांगायला हवं? दिसतं की.” काय दिसतं? “तुमच्याकडे बघितलं की दिसतं.” फुमिए स्वयंपाकघरातून ओरडली, “आई, चहा घेतेस का?” विषय बदलला. मुद्दाम.

चौदा इनिंग बघितल्या (दोन सामने). सासूबाई एकदाही चुकल्या नाहीत.

म्हणजे बातमी आमच्या घरापर्यंत पोचली आहे. गेल्या महिन्यात कुरोसे आमच्याकडे जेवायला आला होता, तेव्हाही सासूबाई आलेल्या होत्या आणि तो त्यांच्या शेजारी बसला होता. तिखटमिठाची बरणी मागता मागता काय काय बोलले असतील.

७ जून, सोमवार
सुट्टी. कुरोसेच्या मागे गेलो.

दुपारी दोन वाजता स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात शिरला. मीही शिरलो. काळा चष्मा, टोपी, कुंडीतल्या झाडाच्या मागचं टेबल. पाच मिनिटांनी कोण यावं? मिझुता! कोकुरा स्टीमर्सचा कोच! दोघं गळ्यात गळा घालून बोलत होते. कुरोसेने कागदी रुमालावर काहीतरी काढून दाखवलं. मिझुता एवढा हसला की कॉफी सांडली.

जवळ सरकणार तेवढ्यात ऑर्डर घ्यायला आलेली बाई किंचाळली, “अय्या! कमनशिबी इसोगाई! सही द्या ना!” दोघांनी मान वळवायच्या आत मी स्वयंपाकघरातून मागच्या गल्लीत. चष्मा तिथेच राहिला.

नऊ वर्षं. नऊ वर्षं ज्याच्या ग्लोव्हकडे बघून मी बॉल टाकला, तो माणूस.

फुमिएला काही सांगितलं नाही. तिचं माहेर यात आहे.

१२ जून
ठरलं. उद्या कोकुराविरुद्ध सामना. कुणालाही न सांगता चिन्हं मनातल्या मनात उलटी करायची. कुरोसेने एक बोट दाखवलं की मी वाकडा टाकणार, दोन दाखवली की सरळ. त्याने कोकुराला काय वाटेल ते सांगावं, सगळं उलटं निघेल. चौदा वर्षांत एवढी मोठी चाल कुणी खेळली नसेल. शांत झोप लागणार.

१३ जून, रविवार
पहिली इनिंग, पहिलाच फलंदाज. कुरोसेने दोन बोटं दाखवली. मी सगळा जोर लावून सरळ टाकला.

आवाज वेगळाच आला.

कुरोसे हळू येणाऱ्या वळत्या चेंडूसाठी हात खाली नेऊन बसला होता. चेंडू उघड्या हाताच्या अंगठ्यावर बसला. त्याने मुखवटा काढला आणि आधी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग अंगठ्याकडे बघितलं.

चेंडू स्ट्राइक होता, म्हणजे अचूक, हे नोंदवून ठेवतो. पंचांनी स्पष्ट सांगितलं.

त्याच्या जागी तादोकोरो आला, तेवीस वर्षांचा, घाबरट. हरलो, ६-१. फलंदाजांना तरीही सगळं माहीत होतं.

१४ जून
इस्पितळात गेलो. लोकाट फळांची पेटी नेली. कुरोसेची बायको हारुयोवहिनी खिडकीशी बसल्या होत्या. कुरोसेचा हात बँडेजमध्ये, बोक्याच्या डोक्याएवढा.

म्हणाला, “बस. आणलीसच आहेत तर सोलून दे. माझा अंगठा कामाचा नाही.”

सोलायला लागलो. मी म्हटलं, चूक झाली, बोटं नीट दिसली नाहीत. तो म्हणाला, “इसो, नऊ वर्षांत तू एकदाही बोट चुकलेला नाहीस. मुद्दाम टाकलास. का?”

मग सांगितलं. सगळंच. जांभई, दुर्बीण, सासूबाई, कॉफीचं दुकान. तो ऐकत राहिला आणि मग हसायला लागला. इतका की पलंग हलला, हाताला हिसका बसला आणि हसता हसताच कण्हला.

“अरे शहाण्या,” म्हणाला, “अख्ख्या लीगला माहीत आहे. वाकडा टाकायच्या आधी तू तोंड करतोस.”

कसलं तोंड?

त्याने करून दाखवलं. एक डोळा बारीक, गाल आत, ओठांचा चंबू. खारवलेल्या आलुबुखाराचं उमेबोशी, आंबटढाण, बीसकट तोंडात टाकल्यावर माणसाचं होतं तसं. हारुयोवहिनींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाला, “सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, तुझं कोपर खाली येतं म्हणून. त्यानंतर तीन आठवडे तुला एक स्ट्राइक टाकता आली नव्हती. एक बॉल साकुमासाहेबांच्या चहात गेला. तुला तुझंच काही दाखवलं की तू तिथेच अडकतोस. म्हणून मी वाकडा कमी मागतो. मागितलाच तर इतका खाली मागतो, की येणार हे ठाऊक असूनही मारता येऊ नये. बाकी मग नशीब.”

आणि मिझुता? म्हणाला, “पुढच्या वर्षी मला कोच म्हणून बोलावतोय. मी विचारलं, इसोलाही घेता का? तर म्हणतो, नको, तो तुमच्याकडेच असू दे, आमच्या पोरांचे आकडे चांगले राहतात.” रुमालावर त्याने माझं तोंड काढलं होतं म्हणे.

हे सगळं अगदी चपखल बसतं. म्हणूनच शंका येते.

निघताना विचारलं, तुझे एकूण सामने किती झाले? “नऊशे चौऱ्याण्णव. हजार झाले की थांबणार होतो.” डॉक्टर म्हणतात अंगठा आता पूर्ण वाकणार नाही. तो म्हणाला, “लोकाट गोड आहेत हं.”

त्याची हाडं मुळातच ठिसूळ असणार. दूध पीत नाही तो. मी कितीदा सांगितलंय.

जेवलो नाही.

१५ जून
फुमिएला विचारलं. ती म्हणाली, “अहो, लग्नाआधीपासून बघतेय. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.” सासूबाईंना फोन लावला. म्हणाल्या, “मी काही बोलले नाही हो. जावयाच्या तोंडाबद्दल कसं बोलायचं?”

आरशासमोर उभा राहिलो. तोंड नेहमीसारखंच, देखणं म्हणता येईल असं. फुमिए म्हणाली, नुसतं उभं राहून कसं दिसेल, टाका काहीतरी. मोज्यांचा गोळा करून तिच्याकडे वाकडा टाकला. मोजे वळले. आरशात क्षणभर कुणीतरी आंबट तोंडाचा म्हातारा दिसला. फुमिए म्हणते तो मीच.

म्हणजे फितूर कोण, हा प्रश्न तसा सुटला. आरशाची काच मात्र जुनी आहे.

४ जुलै
पावसाळी हवा, सराव छपराखाली. हरलेले मोजत नाही.

युक्ती सापडली! सगळ्यांना तोंड माहीत आहे ना? मग तोंडच फिरवायचं. सरळ टाकताना उमेबोशी करायचं, वाकडा टाकताना चेहरा दगडासारखा ठेवायचा. शत्रूचं शस्त्र शत्रूवर. रोज शंभर वेळा सराव. उरलेले सगळे सामने जिंकले तर एकूण तेरा होतात. तेरा वाईट नाहीत.

दुधवाल्याने दारातून बघितलं. बाटल्या ठेवून गेला.

८ ऑगस्ट, रविवार
हे सविस्तर लिहितो.

कोकुरा स्टीमर्स. पहिल्या चेंडूला उमेबोशी केलं आणि सरळ टाकला. फलंदाजाने वाकडा येणार म्हणून खाली बॅट मारली, चेंडू छातीसमोरून गेला. तो माझ्याकडे असा बघायला लागला जसा सख्खा भाऊ फसवून गेलाय. दुसरा तसाच. तिसरा तसाच. सात इनिंग! एकही फटका नाही! मिझुता त्यांच्या बेंचसमोर येरझाऱ्या घालत होता. हिराओने एक अवघड चेंडू झेपावून पकडला, मी शंका घ्यायचीही विसरलो. स्टँडमधून लोक माझं नाव घेत होते. नुसतं इसोगाई. पुढे काही न लावता.

सात इनिंग मी सरळच टाकत होतो, हेही लिहायला हवं. वाकड्याची गरजच पडली नाही.

आठवी इनिंग. ०-०. समोर त्यांचा आठव्या नंबरचा, ज्याने वर्षभरात एक होमरन मारलेलं नाही. तादोकोरोने दोन बोटं दाखवली. चेहरा दगड केला. डोळे उघडे, गाल सैल, ओठ मिटलेले, देवळातल्या मूर्तीसारखा. टाकला.

वळला नाही.

सरळ गेला, हळूहळू, वाढदिवसाच्या केकसारखा. त्याचं आता एक होमरन झालं. हरलो, १-०.

तोंड केल्याशिवाय तो वळतच नाही. नंतर मैदान रिकामं झाल्यावर तादोकोरोला बसवून वीस टाकून बघितले. तोंड केलं की वळतो. नाही केलं की नाही. हाताचा आणि तोंडाचा काय संबंध असतो, हे मला कुणी चौदा वर्षांत शिकवलं नाही. यात शाळेच्या कोचचा दोष आहे.

संध्याकाळी क्लबच्या डॉक्टरांनी बोलावून माझं पोट दाबून बघितलं. म्हणे टीव्हीवर बघून एका प्रेक्षकाचा फोन आला, इसोगाईसानना कळा येतायत का.

१९ सप्टेंबर
चौदावा पराभव. आता सगळ्यांना दोन्ही तोंडं माहीत झाली आहेत. बिअरबद्दलचा संकल्प पुढच्या वर्षी नव्याने.

३ ऑक्टोबर, रविवार
शेवटचा सामना. काहीच पणाला नव्हतं. आम्ही तळाला, समोरचे पाचवे. नवव्या इनिंगमध्ये आम्ही ६-० मागे असताना साकुमासाहेब (जागे) उठले आणि पंचांना म्हणाले, कॅचर बदल. पॅड बांधून कुरोसे बाहेर आला.

लोक उभे राहिले. मी टोपी काढली, मग वाटलं फार झालं, म्हणून पुन्हा घातली. तो माझ्यापाशी चालत आला. अंगठा तिरका झालाय, फांदीसारखा. म्हणाला, “नऊशे पंचाण्णव.” मी म्हटलं, कुरोसेसान, त्या दिवशी मी… तो म्हणाला, “गप. काय टाकणार आहेस?” मी म्हटलं, तू सांगशील ते. म्हणाला, “वाकडा. तिन्ही वाकडे. आणि हवं तसं तोंड कर.”

दोन बोटं. टाकला. फलंदाजाला माहीत होतं. स्टँडला माहीत होतं. त्याने बॅट फिरवली, चेंडू खाली. दोन बोटं. पुन्हा चुकला. तिसऱ्याला कसाबसा टोकाला लागला आणि गडगडत हिराओकडे गेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चेंडू हिराओच्या हातात होता.

पुढचे दोघेही तसेच गेले. दोघांनाही माहीत होतं.

कुरोसे परत चालत आला. तिरका अंगठा माझ्या छातीवर टेकवला आणि गेला.

म्हणजे वाकडा चालतो! माहीत असूनही चालतो! फक्त समोर कुरोसे हवा. पुढच्या वर्षी तो कोकुराला. तरी बारा-तेरा जिंकायला हरकत नाही. पंधरा धरू.

२० ऑक्टोबर, बुधवार
क्लबच्या ऑफिसात बोलावणं आलं. देगुचीसान नावाचे गृहस्थ, यांना मी आधी फक्त जिन्यात पाहिलं होतं. चहा दिला. चहा देतात तेव्हा सावध राहावं.

म्हणाले, “इसोगाईसान, चौदा वर्षं खूप केलंत.” मी म्हटलं, अजून बरंच करायचंय. म्हणाले, “तेच. क्लबला तुमचा हात हवा आहे. खेळाडू म्हणून नाही. आमच्या फलंदाजांना तयार करायला.” म्हणाले की कुरोसेसाननी जाताना शब्द टाकला, की नेमका हवा तिथे बॉल टाकणारा असा माणूस तुम्हाला मिळणार नाही.

पिचरला फलंदाजांचा कोच करायचं! आधी धक्का बसला, पण विचार करता पटलं. फलंदाज कसे विचार करतात हे माझ्याइतकं कुणी सोसलंय? कागदावर सही केली. वाचायला चष्मा नव्हता.

घरी सांगितलं. फुमिए कोबी चिरत होती. थांबली, म्हणाली, “कोच म्हणाले का ते? तोच शब्द?” मी म्हटलं, शब्दांत काय आहे. ती पुन्हा चिरायला लागली. संशयी स्वभाव आहे.

५ नोव्हेंबर, शुक्रवार
नवा गणवेश आला. जुना नंबर १७ होता. आता ११४. कोचचे नंबर सत्तर-ऐंशीच्या घरात असतात असं ऐकलं होतं, पण मला बहुतेक खास दिला असावा.

सोमवारी सकाळी साडेनऊला मैदानावर यायला सांगितलंय. शिट्टी विकत घेतली. फलंदाजांसमोर पहिल्या दिवशी काय बोलायचं ते चार पानं लिहून काढलं.

८ नोव्हेंबर, सोमवार
थंडी. ऊन चांगलं.

मैदानाच्या मधोमध लोखंडी चौकटीला जाळी लावून ठेवली होती. तिच्या मागे उभं राहायचं. शेजारी चेंडूंची बादली. असिस्टंट कोच म्हणाले, “इसोगाईसान, सराव संपेपर्यंत टाकत राहा. मारता येतील असे टाका.”

भाषण झालं नाही.

पहिला हिराओ. बॅट उचलून म्हणाला, “सरळ, कमरेएवढा, प्लीज.” टाकला. मारला. “अजून एक.” मारला. मग म्हणाला, “आता वाकडे.” वाकडे टाकले. एक डाव्या स्टँडमध्ये, एक उजव्या, एक पार छतावर. मग पुढचा आला. मग तादोकोरो. प्रत्येकजण आधी सांगत होता काय हवं ते. मी टाकत होतो. हात हलका पडला होता, कोपर वर येत होतं, ज्याला जिथे हवा तिथे बॉल जात होता. प्रत्येकजण झाल्यावर टोपी काढून “आभारी आहे” म्हणायचा.

दोन बादल्या. एकशे चाळीस चेंडू. असिस्टंट कोच वहीत लिहीत म्हणाले, “एकही वाया नाही. उत्तम. उद्याही साडेनऊ.”

घरी आलो. फुमिएने खांद्यावर गरम फडकं ठेवलं आणि विचारलं, कसं झालं?

म्हटलं, सगळ्यांनी मारले.

म्हणाली, “मग छानच झालं की.”

जेवलो.